बर्फाचा ऑगर आणि महापेचा मुरूम

गेल्या वर्षीचा मे महिना. शुक्रवार संध्याकाळ, महापे एमआयडीसी. कंपनीची बस सुटायला अजून वीस मिनिटं होती, टपरीवरची कटिंग हातात होती आणि आमच्या टीममध्ये जोरदार वाद पेटला होता. विषय अप्रेझल नव्हता, क्रिकेट नव्हतं, कुणाचं लग्नही नव्हतं. विषय होता, खड्डे खणायचं बॅटरीवरचं मशीन कुठलं घ्यायचं?

हसू नका. त्यामागे एक जाम लाजिरवाणा किस्सा आहे. आदल्या वर्षीच्या जुलैमध्ये आम्ही डोंगराच्या पायथ्याशी, रीतसर परवानगी घेऊन, साठ रोपं लावली होती. बॅनर, टी-शर्ट, ग्रुप फोटो, वडापाव... सगळं झालं. मे महिन्यात आम्ही तिघं-चौघं सहज बघायला गेलो. जिवंत रोपं किती? अकरा! बाकीच्यांच्या जागी वाळलेल्या काड्या. एक काडी मी हलकेच ओढली, तर ती मुळासकट हातात आली. खड्डा जेमतेम घमेल्याएवढा. आम्ही डेस्कवर बसणारी माणसं, कुदळीचे दहा घाव मारले की तळहाताला फोड. मग काय, उथळ खड्डे, उथळ मुळं आणि पावसाळा संपला की खेळ खलास.

तेव्हा ठरलं, की या वेळी मशीन घ्यायचं. चोवीस जणांनी दीड-दीड हजार काढले. छत्तीस हजारांचा फंड जमला आणि खरेदीची जबाबदारी (नेहमीप्रमाणे) माझ्या गळ्यात पडली.

मिनेसोटाहून आलेला सल्ला

आमचा एक कलीग दोन वर्षं ऑनसाइट, मिनेसोटात राहून आलाय. तिथून आल्यापासून आम्ही त्याला ‘मिनेसोटा’ असंच म्हणतो. त्याने लगेच मोबाइल काढून फोटो दाखवला. गोठलेलं तळं, त्यावर फुगीर जॅकेटमध्ये तो आणि त्याच्या हातात माणसाच्या कमरेएवढं लांब स्क्रूसारखं पातं. आइस फिशिंग! तिकडे हिवाळ्यात तळी गोठली की लोक बर्फाला भोक पाडतात, त्यातून गळ सोडतात आणि मासा लागेपर्यंत थर्मासमधली कॉफी पीत बसतात. ते भोक पाडणारं हत्यार म्हणजे ऑगर. आपल्या सुताराचं गिरमिट आठवा, त्याचाच हा थोरला भाऊ. पूर्वी हाताने फिरवायचे, मग पेट्रोलवरचे आले आणि आता बॅटरीवरच्या ऑगरची चलती आहे.

‘‘अगं, सहा इंची, आठ इंची, दोन्ही मिळतात. आपल्या साध्या कॉर्डलेस ड्रिललाही बसतात. कझिन डिसेंबरमध्ये येतोय, त्याला आणायला सांगू?’’ मिनेसोटाने विचारलं.

आयडिया भन्नाट वाटली, पण थोडं खोदल्यावर (सॉरी!) कळलं, की फंडाच वेगळा आहे. बर्फाच्या ऑगरची पाती रंध्यासारखी असतात. ती बर्फ खणत नाहीत, तासतात. त्यांना वस्तऱ्यासारखी धार लागते. तीच पाती मातीत घातली की पहिल्या खड्याला धार गेलीच म्हणून समजा. मातीच्या ऑगरला टोकाशी अणकुचीदार पायलट असतो आणि कडेला जाड पोलादी दात. नाव एक, दिसायला भाऊ-भाऊ, पण काम पूर्ण निराळं.

त्याहून मोठा फरक म्हणजे बर्फ वरपासून खालपर्यंत साधारण सारखाच असतो. मिनेसोटाचं तिथलं सरकारी खातं सांगतं, की स्वच्छ, नवा बर्फ किमान चार इंच जाड असेल तरच त्यावर पायी चालायला जा. म्हणजे तिथे मुख्य प्रश्न जाडीचा. महापेत तसं नाही. इथे वर चार बोटं माती, खाली मुरूम, मध्येच एखादा गोटा आणि त्याखाली पारसिकच्या डोंगराचा काळा कातळ. लाव्हारसातून बनलेला बेसॉल्ट तो! याच दगडासाठी वर्षानुवर्षं हा डोंगर खाणींनी कुरतडला गेला. त्याच्यापुढे आमच्या बॅटरीची काय कथा?

आणखी दोन गोष्टी परदेशातून मशीन मागवणाऱ्यांसाठी. अमेरिकेतला चार्जर १२० व्होल्टचा असू शकतो आणि आपल्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट असतात. चार्जरवर ‘१००-२४०’ असं छापलेलं नसेल तर लावल्या लावल्या धूर. दुसरं म्हणजे सुटी लिथियम बॅटरी विमानात चेक-इन बॅगेत चालत नाही, हातातल्या बॅगेत ठेवावी लागते. १०० वॉट-अवरपर्यंत ठीक, त्यापुढे १६० पर्यंत एअरलाइनची परवानगी आणि त्याच्या वर नाहीच. कझिनला बिचाऱ्याला एअरपोर्टवर अडकवायचं कशाला?

व्होल्टचा घोळ

मग मी इंजिनीअरला शोभेलशी एक्सेल शीट केली. पहिल्याच कॉलममध्ये गोंधळ. एक कंपनी म्हणते १८ व्होल्ट, दुसरी म्हणते २० व्होल्ट मॅक्स. साहजिकच आम्ही २० वर टिक केली. नंतर लक्षात आलं, की दोन्ही एकच आहेत! आत लिथियमचे पाच सेल ओळीने जोडलेले असतात. एका सेलचे ३.६ व्होल्ट धरले तर पाचांचे होतात १८. नुकती फुल चार्ज केलेली बॅटरी मोजली तर वीसच्या थोडं वर. एकाने सरासरी छापली, दुसऱ्याने कमाल.

खरा आकडा वेगळाच बघायचा. व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर म्हणजे वॉट-अवर. बॅटरी म्हणजे टाकी, तर वॉट-अवर म्हणजे टाकीतले लिटर. १८ व्होल्ट आणि ५ अँपिअर-अवर म्हणजे ९०. त्याच १८ व्होल्टची २ अँपिअर-अवरची बॅटरी म्हणजे फक्त ३६. जाहिरातीत दोन्हीवर ‘१८ व्होल्ट’ असंच मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं. दुकानदार ‘एकावर एक फ्री’ म्हणून जी दुसरी बॅटरी देतो, ती बहुतेक वेळा ही ३६ वालीच असते.

पुढचा कॉलम बिटच्या व्यासाचा. वाटतं, सहा इंचांऐवजी आठ घेतलं तर असा काय फरक पडणार? पण माती निघते ती व्यासाच्या वर्गाच्या हिशेबाने. सहाचे आठ केले की जवळजवळ पावणेदोन पट माती उपसावी लागते, म्हणजे बॅटरीही तितकीच लवकर उतरते. सहाचे बारा केले तर चौपट! शाळेतला πr² मला नोकरीत कधी कामाला आला नव्हता, तो इथे आला.

मोटर ब्रशलेस असलेली बरी. साध्या मोटरमधले कार्बन ब्रश झिजतात, घर्षणात करंट वाया जातो. ब्रशलेस थोडी महाग, पण तेवढ्याच बॅटरीत जास्त काम करते.

आणि पेट्रोलवरचा? प्रामाणिकपणे सांगायचं तर दिवसाला शे-दोनशे खड्डे घ्यायचे असतील तर तोच घ्या. ५२ सीसीचे टू-स्ट्रोक ऑगर बाजारात सर्रास मिळतात. मोठ्या बागेसाठी तर ट्रॅक्टरला जोडायचा ऑगर उत्तम. पण पेट्रोलमध्ये ऑइल मिसळा, दोरी ओढा, धूर खा, कानठळ्या सोसा... शनिवारी सकाळी चार तास काम करणाऱ्या आमच्यासारख्या हौशी गँगला बॅटरीच सोयीची.

हवेत सगळेच शूर

एका शनिवारी आम्ही तिघं कोपरखैरणेहून लोकलने निघालो, वाशीला गाडी बदलली आणि मशीद बंदरला उतरून नागदेवी स्ट्रीटवर पोहोचलो. ज्यांनी ही गल्ली पाहिली नसेल त्यांनी एकदा पाहाच. हत्यारं, बेअरिंग, ड्रिल, पट्टे, नट-बोल्ट... मॉलमध्ये शूज बघत फिरावं तसे आम्ही तिथे मशीन बघत फिरलो.

प्रत्येक दुकानात एकच सीन. शेठ बॅटरी खटकन बसवतात, मशीन हवेत धरतात, बटण दाबतात. घर्रर्र! ‘‘बघा मॅडम, पॉवर!’’ पण हवेत फिरायला कसली पॉवर लागते? हवेत तर माझा मिक्सरही शूर आहे. एका शेठना मी विचारलं, ‘‘मुरमात चालेल?’’ ते म्हणाले, ‘‘चालेल.’’ ‘‘दगड लागला तर?’’ ते हसले, ‘‘मॅडम, दगड लागला तर तुम्ही थांबायचं.’’ त्या दिवसातलं ते सगळ्यात खरं वाक्य होतं, पण ते कळायला आम्हाला एक आठवडा लागला.

विकत घेण्याआधी आम्ही एक मशीन दोन दिवसांसाठी भाड्याने आणलं. ड्रिलसारखी पिस्तुली मूठ, बाजूला आखूड हँडल, दिसायला एकदम कूल. पहिले दोन खड्डे लोण्यासारखे. तिसऱ्याला आमची टेस्टर मैत्रीण पुढे सरसावली. एक फूट खाली गेलं असेल-नसेल आणि बिट गोट्याला अडकलं.

इथे फिजिक्स समजून घ्या. बिट अडकलं म्हणून मोटर लगेच थांबत नाही. बिट फिरत नसेल तर मशीन फिरतं आणि मशीनच्या मागे तुमचा हात. समजा मशीनचा टॉर्क ८० न्यूटन-मीटर आहे. हँडल मधल्या दांड्यापासून २० सेंटिमीटरवर असेल, तर तुमच्या हाताला बसणारा हिसका जवळजवळ चाळीस किलोचा. तेच हँडल ४० सेंटिमीटरवर असेल तर निम्मा, वीस किलोचा. आखूड हँडल म्हणजे कूल लुक आणि दुप्पट फटका.

तिच्या मनगटाला मोच आली. नशीब, हाड मोडलं नाही. पण दोन आठवडे क्रेप बँडेज बांधून ती डाव्या हाताने टायपिंग करत होती आणि रिलीज तोंडावर आलेला. तिने तक्रार केली नाही, पण मला स्वतःची लाज वाटली. माझ्या एक्सेल शीटमध्ये व्होल्ट होते, वॉट होते, किंमत होती, रेटिंग होतं. मशीन धरणाऱ्या माणसाचा कॉलमच नव्हता.

त्या रात्री मी यादी नव्याने केली. दोन्ही हातांनी धरता येईल असं लांब हँडल. बिट अडकलं की आपोआप सुटणारा क्लच किंवा मोटर बंद करणारं सेफ्टी कट-ऑफ. अडकलेलं बिट उलटं फिरवून बाहेर काढायला रिव्हर्स. टॉर्कचा आकडा मोठा आहे म्हणून खूश व्हायचं नाही, तो टॉर्क उलटला तर काय होईल हे आधी विचारायचं.

मामांची पहार

ज्या जागी आम्ही रोपं लावतो तिथले माळीकाम बघणारे मामा जवळच्याच गावचे. भाड्याचं मशीन आलं तेव्हा ते बिडी ओढत शांतपणे बघत बसले होते. मैत्रिणीला रिक्षात बसवून परत आलो, तर ते पहार घेऊन त्या अर्धवट खड्ड्याशी उभे. तीन-चार घाव, थोडं उचकटलं आणि नारळाएवढा गोटा बाहेर.

‘‘मशीन बरा हाय तुमचा,’’ मामा म्हणाले, ‘‘पन कातलाला कोन समजावनार?’’

मग त्यांनी आम्हाला एक साधी युक्ती शिकवली. मशीन लावण्याआधी त्या जागी पहार उभी मारायची. आवाज ‘धप्’ आला तर माती. ‘खच्च’ आला तर मुरूम. ‘ठण्’ वाजलं की दोन फूट बाजूला सरकायचं. एका तासात त्यांनी सगळ्या जागेवर फिरून चुन्याने खुणा केल्या. चाळीसपैकी अठ्ठावीस जागा मशीनच्या, बारा जागा पहारेच्या. आमच्याकडे कुठलं ॲप असतं तर त्याने याहून वेगळं काय केलं असतं?

खरं सांगते, मला एक प्रश्न टोचत होता. मामांना खड्ड्यामागे पैसे मिळतात. मशीन आणलं म्हणजे आपण त्यांची मजुरी कापतोय का? मी चाचरत विचारलंच. ते म्हणाले, ‘‘खड्डा खनाया दोन दिस जातान. झाड जगवाया दोन वर्सां. त्याचा पैसा कोन देतो?’’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कारण आमच्या छत्तीस हजारांत पाण्यासाठी शून्य रुपये ठेवले होते. आणि आपलं सगळ्यांचंच असं असतं ना? राज्य सरकारच्या वृक्षलागवडीची उद्दिष्टं आठवा. २०१६ मध्ये २ कोटी, २०१७ मध्ये ४ कोटी, २०१८ मध्ये १३ कोटी, २०१९ मध्ये ३३ कोटी. पेपरात हेडलाइन झाली ती लावायच्या रोपांची. पुढच्या मे महिन्यात किती उभी होती, ही बातमी तुम्ही किती चवीने वाचली होती? मीही नाही वाचली.

शेवटी घेतलं काय?

सगळ्यात मोठं मॉडेल दोन बॅटऱ्यांसकट घेतलं असतं तर फंड संपला असता. आम्ही मधलं घेतलं. १८ व्होल्टचं, ब्रशलेस, लांब हँडल, क्लच, रिव्हर्स, आठ इंची बिट आणि ५ अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या. एकूण एकवीस हजार. उरलेले पंधरा हजार डिसेंबर ते मे, आठवड्यातून दोनदा पाणी घालण्यासाठी. ते काम मामांनी घेतलं.

आता वापराचे अनुभव. एका बॅटरीत आमचे साधारण नऊ खड्डे होतात, तेही पहिल्या दोन-तीन सरींनंतर मुरूम ओला झाला की. मे महिन्यातल्या कोरड्या जमिनीत पाचावरच दम लागला होता आणि जुलैच्या धो-धो पावसानंतर चिकट माती बिटला लाडवासारखी चिकटते. म्हणून जूनचा दुसरा पंधरवडा बेस्ट. बर्फात बॅटरी गारठून लवकर उतरते, म्हणून मिनेसोटावाले ती जॅकेटच्या आत ठेवतात. आपला प्रॉब्लेम उलटा, उकाड्याचा. काम करून तापलेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नका, सावलीत अर्धा तास निवू द्या. बंद गाडीत उन्हात तर अजिबात ठेवू नका. आणि मशीन पावसाळ्यात वापरणार असाल तर त्याला पाण्याचे शिंतोडे चालतात का, हे मॅन्युअलमध्ये आधी बघा. ‘आयपीएक्स ४’ असं काही लिहिलेलं नसेल तर सर आली की मशीन पिशवीत.

एक गोष्ट मात्र कुठल्याच दुकानदाराने सांगितली नव्हती. आठ इंची बिटने दीड फूट खणलं तर खड्ड्यातून निघते सुमारे साडेचौदा लिटर माती. हाताने खणलेला दीड फूट लांब, रुंद, खोल असा नेहमीचा खड्डा असतो नव्वद लिटरचा. म्हणजे मशीनचा खड्डा खोल असला तरी त्याच्या एक षष्ठांशच! शिवाय बिट फिरताना ओल्या मातीच्या भिंती गुळगुळीत लिंपल्यासारख्या होतात. मुळं त्यात शिरत नाहीत, कुंडीतल्यासारखी गोल गोल फिरत बसतात. यावर उपाय म्हणजे तीन भोकं जवळजवळ पाडायची, मधल्या भिंती पहारेने पाडायच्या आणि कडा खरवडून खडबडीत करायच्या. म्हणजे मशीन आलं तरी पहार हातात आहेच. अठ्ठावीस खड्ड्यांसाठी चौऱ्याऐंशी भोकं पाडायला आम्हाला चार शनिवार लागले. तिसरा चार्ज सिक्युरिटी केबिनमधल्या सॉकेटवर आणि केबिनवाल्या काकांना त्याबद्दल दर शनिवारी वडापाव.

करंज, बहावा, जांभूळ, आवळा, पळस. एकूण चाळीस. मागच्यापेक्षा वीस कमी. ग्रुप फोटोही काढला, पण या वेळी बॅनर नव्हता. मैत्रिणीने शेवटचा खड्डा हट्टाने स्वतः घेतला. बिट पुन्हा एकदा अडकलं, क्लच कटकटला आणि ती हसत बाजूला झाली.

जाण्याआधी एवढं करा

तुम्हीही सोसायटीसाठी, गावच्या बागेसाठी किंवा ऑफिसच्या ग्रुपसाठी ऑगर घ्यायच्या विचारात असाल तर ही आमची छोटी चेकलिस्ट.

• आधी जागा, मग मशीन. पहार मारून बघा. दहापैकी सात ठिकाणी ‘ठण्’ आलं तर मशीनचे पैसे वाचवा आणि खणणाऱ्याला नीट मजुरी द्या.

• व्होल्ट नको, वॉट-अवर विचारा. दोन्ही बॅटऱ्यांचे, वेगवेगळे.

• लांब हँडल, क्लच, रिव्हर्स. या तिघांपैकी एकही नसेल तर मशीन खाली ठेवा. कितीही स्वस्त असलं तरी.

• ज्या कंपनीचं ड्रिल घरात आहे तिचीच बॅटरी ऑगरला बसते का बघा. बसत असेल तर नुसतं मशीन घेता येतं आणि चांगले पैसे वाचतात.

• एक दिवस भाड्याने आणून तुमच्या जमिनीत चालवा. दुकानातल्या हवेत नाही.

• फंडातला निदान तिसरा हिस्सा पाण्यासाठी आधीच बाजूला काढा.

या मे महिन्यात आम्ही पुन्हा मोजणी केली. चाळीसपैकी एकोणतीस जिवंत. गेलेल्या अकरांपैकी तीन गुरांनी खाल्ली, बाकीची का गेली ते मामांनाही नीट सांगता आलं नाही. मशीनच्या खड्ड्यांतली जास्त जगली की पहारेच्या, असं मिनेसोटाने विचारलं. मी शीटमध्ये तो कॉलम ठेवला होता. फारसा फरक निघाला नाही. पाणी दोन्हींना सारखंच मिळालं होतं.

सध्या ऑगर माझ्या डेस्कखाली आहे, बॅटऱ्या काढून, कोरड्या फडक्यात गुंडाळून. पहार मामांकडे.